थोरल्या काकांचा पत्ता

३ तारीख, सोमवार. सकाळ.
पोचले. एकटी. कुणाची मदत न घेता. विमानतळावर मुलाने मला न विचारता चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. मी कशाला बसतेय? पण ढकलणारी बाई बिचारी ताटकळत उभी, तिच्या पोटावर पाय कशाला द्यायचा, म्हणून बसले. बाकी सगळा प्रवास माझ्याच पायांवर.
खोली झकास. खिडकीखाली लॉन्ड्री. लोकांचे कपडे दिवसभर गरगर फिरताना दिसतात. टीव्हीची गरज नाही.
निश्चय: एक, आठ दिवसांत थोरल्या काकांचा पत्ता लावायचा. दोन, घरी फोन करायचा नाही. तीन, रोज लिहायचं.
थोरले काका म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. ऐन तारुण्यात बोटीत बसून या गावी आले, शिवणकामाला. मी चौथीत होते तोवर पत्रं यायची, मग बंद. माझी शाळाही तेव्हाच बंद झाली, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. आजी शेवटपर्यंत म्हणायची, कुणीतरी जाऊन बघा रे त्याला. मी म्हटलं, मी जाईन. तेव्हा मी नऊ वर्षांची. आता त्र्याहत्तर. जरा उशीर झाला, मध्ये संसार होता. काका काही आता नसणार. पण मुलंबाळं असतील. निदान नावाचा दगड तरी.

४ तारीख.
गाव पाहून घेतलं. सोपं आहे. उजवीकडे वळलं की लॉन्ड्री, पुन्हा उजवीकडे वळलं की लॉन्ड्री. चार लॉन्ड्र्या मोजल्या. घरमालकीण मला शोधत आली आणि म्हणे (हातवाऱ्यांनी) ही एकच आहे. मग तिने पत्त्याचं कार्ड दोरीत ओवून माझ्या गळ्यात घातलं. ऑफिसातल्या मोठ्या लोकांना असतं तसं. मान दिला बाईने.

६ तारीख.
काल लिहिलं नाही. पाय सुजले होते. पायांचा आणि लिहिण्याचा काय संबंध, असं सून म्हणेल. म्हणू दे.
आज नोंदणी ऑफिस. साहेबाला आपली भाषा येईना, पण फरशी पुसणारी एक बाई आपल्यातलीच निघाली. बादली बाजूला ठेवून आली. साहेबाने आडनाव विचारलं. सांगितलं. त्याने कॉम्प्युटरवर बघितलं, त्या आडनावाचे अकरा जण इथे येऊन गेलेत. मला इतका आनंद झाला. मग तो म्हणाला, नाव?
मी म्हटलं, थोरले काका.
फरशीवाली म्हणाली, अहो आजी, ते तुमचे काका, साहेबाचे नाहीत. नाव सांगा.
मी म्हटलं, आमच्यात थोरल्यांचं नाव घेत नाहीत.
ती म्हणाली, मग घेऊ नका, लिहून द्या.
पेन हातात घेतलं. साहेब बघतोय, ती बघतेय. आजी त्यांना थोरला म्हणायची, वडील दादा म्हणायचे, आम्ही थोरले काका. पत्राखाली सहीसुद्धा ‘तुमचा थोरला’.
जिभेवर आहे. विमानाने डोकं बधिर होतं, तेवढंच. उद्या आठवेल.

७ तारीख.
घरी फोन केला नाही. मिस कॉल दिला, त्यांनीच केला. मुलाला आडून आडून विचारलं, काय रे, थोरल्या काकांचं नाव तुला ठाऊक आहे का, बघू तरी. तो म्हणाला, आई, मला कुठून असणार, तुलाच माहीत म्हणून तर तुला पाठवली. मी म्हटलं, परीक्षा घेत होते.
विचारायला आता दुसरं कुणी उरलं नाही. हे आधी लक्षात आलं नव्हतं.

९ तारीख.
सापडला! अल्टरेशनच्या दुकानात. कानाच्या पाळ्या गालाला चिकटलेल्या, थेट माझ्या वडिलांसारख्या. मशीनवर बसायची ढबही आमच्याच घरातली. काकांचा मुलगा, दुसरा कोण असणार. कागदोपत्री शोधत बसतात लोक, डोळे कशाला दिलेत देवाने? दोन तास बसले. तो त्याच्या भाषेत, मी माझ्या, पण सगळं समजलं. काकांच्या माणसांसाठी विणून आणलेला स्वेटर दिला. त्याने छातीशी धरला, मला नीट निरखलं आणि घराचा पत्ता लिहून दिला. उद्या ये म्हणाला.

१० तारीख.
फरशीवालीला सुट्टी काढायला लावून बरोबर नेलं. म्हटलं, भाऊ-बहिणीचं बोलणं नीट व्हायला हवं.
तो पत्ता नव्हता, पावती होती. स्वेटरच्या बाह्या कापून तयार. आता तो मला बरोब्बर बसतो.
माणूस तिसऱ्याच देशातला. त्याच्या खानदानात शिंपी तो पहिलाच.
परत येताना फरशीवालीने बाह्यांची शिलाई उलटून बघितली. नंतर म्हणाली, काम मात्र सफाईदार केलंय हो आजी. ते खरंच.

११ तारीख.
साहेब म्हणाला, फाइल उघडीच ठेवतो, नाव कळलं की कळवा. चांगला माणूस. बागेतल्या बाकावर बसून घरातल्या जुन्या सगळ्या माणसांची यादी केली. आजी. मोठी आत्या. धाकटे काका. अक्का. भाऊजी. मागल्या दारची मावशी. पान भरलं. वाचून बघितलं तर खरी नावं दोनच. एक वडिलांचं. दुसरं म्हशीचं.
त्या अकरांत एक आमचे आहेत, एवढं नक्की. ऑफिसच्या दाराशी उभी राहून अकराही जणांना मिळून नमस्कार केला. म्हटलं, आजीने विचारलंय.

१२ तारीख. विमानात.
निघायला पाऊण तास उशीर. कोण एक बाई आलीच नव्हती. आम्ही सगळे विमानतळाच्या हॉलमध्ये बसलेलो, स्पीकरवर तिच्या नावाने हाका मारमारून दमले. नाव आपल्याकडचं वाटत होतं, लाजच वाटली मला. शेजारणीला खुणेने सांगितलंही, काय माणसं असतात, वेळेची शिस्त नाही. शेवटी गणवेशातली मुलगी खुर्च्यांमधून फिरत माझ्यापाशी आली, मांडीवरचं तिकीट उचलून वाचलं आणि मला हाताला धरून उठवलं.
लग्नात ठेवलेलं नाव. घ्यायचा हक्क फक्त यांना होता, आणि हे जन्मभर ‘अगं’ म्हणाले.
आत शिरले तर सगळं विमान माझ्याकडे बघत होतं. मीही मागे वळून बघितलं, आली का ती बाई म्हणून.