काचेला लावलेलं बोट

३ ऑक्टोबर, शुक्रवार

उरवड्याच्या कारखान्यातलं नवं मशीन आज दुपारी आपोआप चाललं. आतला साचा फुटला. कुणाला लागलं नाही. सांगणारी अपेक्षा, माझ्या घरमालकीण चंद्राबाईंची सून. ती शेजारीच उभी होती, म्हणजे बातमी पक्की.

या मशीनला बटण नाही, नुसती काच. बोट टेकवलं की चालू. काचेवर नोंद आहे – 'स्टार्ट' दाबलं. सुपरवायझर शैलेश म्हणाला, "काच खोटं बोलत नाही." मशीन रोहितच्या ताब्यात होतं आणि तो चहाला गेलेला. चालू करून गेला म्हणून त्याला घरी बसवलं.

जेवताना तेच डोळ्यांपुढे. मशीनपुढची रिकामी जागा, उजळलेली काच, आणि तिला कुणाचं तरी न दिसणारं बोट लागतंय...

४ ऑक्टोबर

लेख वेळेत गेला. मग गच्चीवर. खाली शेतात भात निसवलाय, लोंब्यांवर पातळ धुकं. टाइपरायटर आठवला. त्याला बोटाचं वजन लागायचं. काचेला नुसती चाहूल पुरते. चाहूल कुणाची, तेही ती विचारत नाही.

अपेक्षा कपडे वाळत घालायला आली. ओल्या साडीआडूनच बोलली. "ताई, कुणाला सांगू नका. ते माझ्यामुळं झालंय."

खंडेनवमीला कारखान्यात मशीनींची पूजा झाली. सगळे खोबऱ्याकडे वळले तेव्हा हिनं गुपचूप काचेला ओलं कुंकू लावलं. "लई भ्या वाटायचं तिचं. म्हटलं, सांभाळून घे बाई!" मग पुसलं. पण कडेच्या फटीत ओलसर राहिलंच असणार, आणि काचेला ते बोटच वाटलं असणार.

"मग सांग की शैलेशला."

"परत पॅकिंगला बसवतील. दिवाळीपातूर मशीनवर ट्रायलला हाय मी. रोहितदादाचं वाईट वाटतंय, पण..."

पुढचं साडीनं ऐकलं.

५ ऑक्टोबर, रविवार

माझ्या टॅबलेटवर कुंकवाचं ओलं बोट टेकवून पाहिलं. थोडा वेळ काही नाही. मग पान सरकलं – आपोआप! थांबलं, पुन्हा सरकलं. आत बसून कुणी सावकाश वाचतंय जणू. भीती नाही वाटली. बघतच राहिले.

चंद्राबाई चहा घेऊन आल्या. "अगं बाई, पाटीपूजन दसऱ्याला असतंय! आज कसं काय?"

"उशिरा सुचलं."

"शिकलेल्यांचं सगळं उशिराच."

त्या गेल्यावर अपेक्षाला बोलावून दाखवलं. सरकणारं पान तिनं बोटानं थांबवून बघितलं. मग म्हणाली, "ही पाटी उद्या कामावर नेऊ?"

६ ऑक्टोबर

पाटी गेली तशी परत आली. "शैलेशसाहेब रजेवर हायेत." माझ्याकडे बघितलं नाही तिनं. रोहित गावी जायला निघतोय म्हणे. लातूरची गाडी, उद्या रात्रीची.

७ ऑक्टोबर

सांगितलं तिनं! जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर. पाटीवर कुंकू लावून दाखवलंसुद्धा. मग पॅकिंगमधली रेश्मा म्हणाली, "मीबी लावलंय." मागून आणखी दोघं. मग कुणीतरी रोहितला फोन लावला, तर तोही – "मीपण." प्रत्येकानं त्या काचेला गुपचूप एकेक बोट लावलं होतं! शेवटी शैलेश घसा खाकरून म्हणाला, "नारळाचं पाणी मी शिंपडलं."

रोहित उद्यापासून कामावर. अपेक्षाचं, मशीन की पॅकिंग, अजून ठरलं नाही. गुरुवारी मशीनवाले यायचेत. त्यांच्याकडे काचेबाहेर एक साधं, जोर लावून दाबायचं बटण मागायचं आहे, आणि ते का हवं हे सांगायला शैलेश तिलाच पुढे करणार आहे.