अडुसष्ट, गोणीसकट

नाना, विंचूरच्या मार्केटातला तो दिवस आठवला की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी नववीत होते, तुमचा डबा घेऊन आले होते. तुम्ही मापारी, कांद्याची गोणी काट्यावर चढली की आकडा ओरडून सांगायचा, हे तुमचं काम. त्या दिवशी काटा रिकामा होता आणि तुम्हाला गंमत सुचली. "चढ गं," म्हणालात. मी वेडी चढले. तुम्ही वजनं सरकवलीत आणि मार्केटभर ऐकू जाईल असं ओरडलात, "अडुसष्ट! गोणीसकट!" हमाल हसले, व्यापारी हसले, माझ्या वर्गातल्या मुलीचे वडीलही हसले. दुसऱ्या दिवसापासून शाळेत माझं नाव अडुसष्ट. घरी आई दुसरी भाकरी वाढायला लागली की तुम्ही म्हणायचात, "बास कर, काटा मोडंल."

मग तुमची पाळी आली. काम सुटलं, पोट सुटलं, आणि एक दिवस म्हणालात, "मान्साचा सदरा दिसतो, तोंड दिसत नाय." तोवर मी नाशिकला, अंबडच्या कारखान्यात नोकरीला लागले होते, आई गेली होती, म्हणून तुम्हाला माझ्याकडेच आणलं. नाशिकच्या डॉक्टरांनी तुमच्या डोळ्यांत थेंब घालून बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं. वयामुळे डाव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय, म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, पण उजवा डोळा चांगला आहे, तो जपा. वय आपल्या हातात नाही. बिडी मात्र आजच बंद करा. आणि वजन उतरवा, जास्त वजनानंही धोका वाढतो.

बाहेर आले तर तुम्ही विचारलंत, "काय म्हन्ले?" बाकावर सात-आठ माणसं होती. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "वजन, नाना. खाऊन खाऊन डोळा घालवलात." सगळ्यांनी तुमच्या पोटाकडे पाहिलं. तुम्ही सदरा खाली ओढलात. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! बिडीचं नंतर सांगू, असं तेव्हा मनात होतं.

सांगितलं नाही. तुम्ही भात सोडलात, एका भाकरीवर आलात, घरात काटा आणलात. दर रविवारी त्यावर उभे राहायचात आणि मी गॅलरीचं दार सताड उघडं ठेवून ओरडायचे, "ब्याण्णव!" खालच्या बाई हसायच्या. पुढे ऐंशी, मग शहात्तर. "उतरलं ना? आता हा डोळा ऱ्हाईल ना गं?" तुम्ही विचारायचात. मी हो म्हणायचे, आणि तुम्ही समाधानानं गॅलरीत बिडी ओढायला जायचात.

वर्षभरात उजव्या डोळ्यापुढेही तसाच डाग आला. बिडी सोडूनही कदाचित आला असता. डॉक्टरांनी कुठे खात्री दिली होती? ही समजूत मी स्वतःची इतकी वेळा घातली आहे की आता ती पटत नाही. हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. तुम्ही असतात तर तुम्हालाही दिले नसते, वाचून दाखवायची वेळ माझ्यावरच आली असती. पण तुमची जिरवायची माझी हौस उजवा डोळा गेला त्या दिवशीही फिटली नव्हती, हे खरं. तुम्ही म्हणालात, "चूक माझीच गं. आजून उतरवाया पायजे व्हतं." तुम्ही खिशातून बिडी काढलीत, काडीपेटी चाचपत राहिलात. मी काडी ओढून बिडी पेटवून दिली.