लिहायचं आणि मिटायचं

सोमवार, ४

"चूक एकदा दिसली की ती तुझी झाली." बावीस वर्षांपूर्वी, पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी, छापखान्याच्या मालकांनी मला हे ऐकवलं होतं आणि मी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली होती. ते फक्त प्रुफांबद्दल बोलत होते, हे कुणीतरी मला सांगायला हवं होतं. तेव्हापासून जे जे दिसलं ते माझं झालं. दिवसभर गप्प बसलेल्या त्या सगळ्या गोष्टी मी दिवा मालवला की तोंड उघडतात.

पण आज मजेत आहे. नवं गाव, नवा छापखाना, नवी खोली. खोली वरच्या मजल्यावर, दोन बाजूंना खिडक्या, कपाटाचं दार चक्क पूर्ण लागतं. कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ ठिबकतो, पण त्यासाठी प्लंबर येईल म्हणाल्या घरमालकीणबाई. त्या निवृत्त टायपिस्ट आहेत. त्यांना मी मावशी म्हणायचं ठरलं आणि त्यांनी मला लगेच अगं-तुगं सुरू केलं.

काम औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात त्या पत्रकांचं. मुंगीएवढं अक्षर. माझ्या जोडीला वाचनकाका आहेत. ते मूळ प्रत मोठ्याने वाचतात, मी प्रूफ तपासते. ते स्वल्पविराम, कंस सुरू, कंस पुरा, सगळं वाचतात. खणखणीत आवाज. शेजारचा फोरमन म्हणतो, काकांनी घरी भांडतानाही पूर्णविराम दिल्याशिवाय वाक्य सोडलेलं नाही.

ही रोजनिशी इथे, टेबलाच्या खणातच ठेवणार आहे. जेवणाच्या सुटीत लिहीन. घरी नेली तर रात्री तीही तपासत बसेन.

शुक्रवार, ८

चार रात्रींत मिळून नऊ तास.

लेकीशिवाय झोपायची ही पहिलीच वेळ. तिला लहानपणापासून दमा आहे. रात्री छातीत बारीक शिट्टी वाजायची, म्हणून घरात तिचं नावच शिट्टी पडलं. तिचे बाबा गेल्यावर तर एकोणीस वर्षांची झाली तरी आमच्या खाटा शेजारी होत्या. तिचा श्वास ऐकत मी झोपायचे. आता ती दुसऱ्या गावी होस्टेलवर आणि मी इथे, कानात काहीच नाही. मग डोकं स्वतःच बोलतं. आणि कहर म्हणजे वाचनकाकांच्या आवाजात बोलतं. शिट्टीने पंप उशाशी ठेवला का प्रश्नचिन्ह. रूममेटला सांगून ठेवलंय का प्रश्नचिन्ह. नळ, ठिबकतो, पूर्णविराम.

छापखान्यात एकदा जांभई दिली तर सहा जणांनी सहा उपाय सांगितले. गरम दूध घ्या. दूध अजिबात घेऊ नका. शंभरपासून उलटे आकडे मोजा. मी मोजले आणि सत्तेचाळीस गाळला की काय या शंकेने पुन्हा शंभरवर गेले. फोरमन म्हणाला, डोकं रिकामं करायचं, सोपं आहे. त्याला सोपंच असणार.

सोमवार, ११

काल रविवार. चारला शिट्टीचा फोन आला. ती बरी आहे. मी दोनदा पंपाचं विचारलं तर म्हणाली, आई, तू फोन करतेस की हजेरी घेतेस? मग स्वतःच हसली आणि हसताना खोकली. ते खोकणं मी रात्रभर घोळवत बसले.

सकाळी जिन्यात मावशींनी माझे डोळे पाहिले. आत गेल्या आणि एक जाड पुठ्ठ्याची कोरी वही घेऊन आल्या. म्हणाल्या, झोपताना डोक्यात जे जे फिरतंय ते एकेका ओळीत लिहायचं आणि वही मिटून उशाशी ठेवायची. लिहायचं आणि मिटायचं, बस. पुन्हा उघडून चाळा करायचा नाही. त्यांनाही एके काळी झोप यायची नाही, या वहीनेच आली.

सातवा उपाय. पण वही फुकट आहे.

मंगळवार, १२

झोपले! सहा तास!

आधी बावीस ओळी लिहिल्या. वही मिटली. पण तेराव्या ओळीत वेलांटी चुकली होती, ती सोडून झोपायचं कसं? उघडली, सुधारली. हातात पेन होतंच, तर ज्या तीन ओळी अगदीच क्षुल्लक होत्या त्यांवर आडवी रेघ मारून शेवटी आकडी काढली. काढून टाका, अशी आमच्या धंद्यातली खूण. हात आपोआप करतो. कोण कुठे चाळा करतंय, तपासणं म्हणजे चाळा नव्हे. आकडी काढली तशी डोक्यातली ती ती ओळ पुसल्यासारखी झाली.

एक गंमत. सकाळी वहीत एकोणीसच ओळी. खोडलेल्या तीन नव्हत्या, आणि त्यांची रिकामी जागाही नव्हती. खालच्या ओळी वर सरकून बसल्या होत्या. ऑपरेटर दुरुस्त्या घेऊन स्वच्छ प्रूफ काढतो ना, तसं पान. अक्षर माझंच. म्हणजे मी अर्धवट झोपेत पान नव्याने उतरवून काढलं असणार. झोपेतसुद्धा नीटनेटकी, असं शिट्टी म्हणेल.

बुधवार, १३

मागची पानं वाचत होते. चार तारखेला मी लिहिलंय की कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ ठिबकतो. आठ तारखेलाही नळ.

कुठला नळ? खोलीत बेसिन नाही. त्या कोपऱ्यात कपडे वाळत घालायचा स्टँड आहे, मागे सपाट भिंत. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, वरच्या मजल्याला नळ कधी नव्हताच, तू पहिल्या दिवसापासून खालून बादली नेतेस की.

आधीच्या घराचा नळ असेल. झोप नसली की माणूस काहीही लिहितं. आता झोप आहे, त्याचं समाधान मानावं.

सोमवार, १८

सलग पाच रात्री छान झोप. वहीतल्या ओळी कमी होत चालल्या आहेत. पहिली ओळ रोज तीच, 'शिट्टीचा श्वास'. तिच्यावर खूण करत नाही. ती काळजी माझी आहे, ती असू दे. बाकीच्यांना हात लावते.

कामही शांत चाललंय. वाचनकाकांसारखा जोडीदार मिळणं भाग्याचं. जन्मापासून मुके, पण पट्टी घेऊन ओळीमागून ओळ इतक्या शिस्तीने सरकवतात की माझी नजर आपोआप त्यांच्या मागे जाते. दिवसभरात टेबलावर एक शब्द होत नाही.

नंतर, त्याच दिवशी

एक प्रश्न सहज मनात आला. मुक्या माणसाला वाचनकाका कोण म्हणेल?

मागची पानं काढली. खणखणीत आवाज. कंस सुरू, कंस पुरा. माझ्या अक्षरात.

फोरमनला विचारलं. त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. काका पहिल्यापासून असेच, म्हणाला, नाव कुणीतरी थट्टेत पाडलं, बरं नाही पाडलं. काका समोरच बसले होते. माझ्याकडे बघून हसले आणि ओठ हलवले. ओठ बराच वेळ हलत होते. शेवटी बोटाने हवेत एक ठिपका दिला.

काय खोडलं होतं मी काल? मला आठवत नाही. पण मला माझी लिहिण्याची पद्धत माहीत आहे. 'वाचनकाकांचा आवाज.' एवढंच लिहिलं असणार.

मंगळवार, १९

मावशींशी काल संध्याकाळी बोलले. वाटलं होतं हसतील. त्या हसल्या नाहीत. वहीची पानं त्यांनी उलटून पाहिली आणि मिटली.

"मी तुला काय सांगितलं होतं? लिहायचं आणि मिटायचं. खुणा करायला कुणी सांगितल्या?"

मी म्हटलं, हाताची सवय आहे मावशी, बावीस वर्षांची. त्या म्हणाल्या, मलाही सवय होती, टाइप करताना चुकलेल्या शब्दावर फुल्या मारायची. मग स्वयंपाकघरात गेल्या. टेबलावर दोन ताटल्या मांडलेल्या होत्या. त्या एकट्या राहतात. रोज संध्याकाळी दोन ताटल्या मांडते, म्हणाल्या, आणि मग एक उचलून ठेवते.

मी विचारलं, तुम्ही काय खोडलं होतं?

"ते मला कुठून आठवणार? तुझ्यासारखी रोजनिशी कुठे ठेवली होती मी."

पान रात्री कोण उतरवतं, हेही विचारलं. त्यांना ठाऊक नाही. एवढंच म्हणाल्या की ते जे कुणी आहे ते कामाला चोख आहे. खूण दिसली की घेतं. अर्थ विचारत नाही. मी वही त्यांच्याकडे परत दिली.

शुक्रवार, २२

तीन रात्री. एक मिनिट नाही.

शिट्टीचा मधेच, बुधवारी, फोन आला. आवाज बसलेला. रात्री जोराचा अटॅक आला होता, रूममेटने पंप दिला, आता ठीक आहे, काळजी करू नकोस. काळजी करू नकोस! हे वाक्य ज्याने शोधून काढलं त्याला एकदा माझ्या डोक्यात झोपायला पाठवायला हवं.

कूस बदलते. उशी उलटते. तिचा श्वास. तिचा श्वास. तिला इकडे घेऊन यावं, मग वाटतं परीक्षा आहे तिची. मग पुन्हा श्वास.

आज कामात अर्ध्या गोळीच्या जागी पाच गोळ्या झालं होतं आणि माझ्या नजरेतून सुटलं. लहान मुलांचं औषध. फोरमनने छपाईची प्लेट जाण्याआधी पकडलं. ओरडला नाही, त्याने ओरडायला हवं होतं. म्हणाला, बाई, झोपा हो कुठेतरी. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल. होस्टेलची फी माझ्या पगारातून जाते.

शनिवार, २३

डोळ्यांत वाळू.

वही परत मागून आणली. मावशी द्यायला तयार नव्हत्या. मी त्यांच्यावर चिडले, नको ते बोलले.

फक्त लिहीन. मिटेन. पेन लगेच कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मावशींकडे. मूर्ख नाही मी. बावीस वर्षांची सवय एका रात्रीपुरती आवरता येऊ नये?

सोमवार, २५

दोन्ही रात्री नऊ-नऊ तास झोपले. अंगात हलकं वाटतंय. फोरमन म्हणाला, आज माणसात आलात.

काल रविवार. करण्यासारखं काही नव्हतं. दुपारी चारला फोन मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते, कुणाचा यायचा होता कोण जाणे. पाचला उठले, कपडे धुतले. वही उघडली तर पानं कोरी. एकही ओळ नाही. डोकं इतकं रिकामं आयुष्यात कधी नव्हतं. मावशींनी मात्र जिन्यात मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. शनिवारच्या बोलण्याचा राग असेल.

इथे एकट्या बाईला एवढा मोठा पगार लागतो कशाला, असा विचार सकाळी आला. शुक्रवारच्या पानावर होस्टेलची फी लिहिलंय. फी कसली असते

कसली फी

दुपारी

वाचलं. पहिल्या पानापासून. दोनदा.

मला आठवतंय ते असं: एकोणीस वर्षांपूर्वी मला मुलगी झाली आणि ती रडली नाही. डॉक्टरांनी तिला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या. तिने श्वास घेतलाच नाही. पांढऱ्या कपड्यात गुंडाळून तिच्या बाबांच्या हातात दिली. नाव ठेवायची वेळ आली नाही. सगळं लख्ख आठवतंय, डॉक्टरांच्या हातातलं घड्याळसुद्धा.

आणि इथे माझ्या अक्षरात — आई, तू फोन करतेस की हजेरी घेतेस.

फोनमध्ये नंबर नाही. एका होस्टेलचा नंबर का कोण जाणे पाठ आहे; तिथे फोन केला, अशी कुणी मुलगी नाही म्हणाले.

तिचा आवाज कसा होता — मला माहीत नाही. मी तो कधी ऐकलेला नाही.

संध्याकाळी

मावशी म्हणाल्या, किल्ली तूच रात्री खाली येऊन मागितलीस. डोळे मिटलेले होते. मी दिली नाही. तू नखाने खूण केली असशील.

नखं पाहिली. उजव्या तर्जनीचं तुटलंय.

रात्री

रोजनिशी घरी आणली आहे. पहिल्यांदाच. तिचं नाव आता जगात एवढ्या एकाच ठिकाणी आहे, आणि ते मी उशाशी ठेवते आहे. दुसरा रस्ता नाही.

आमच्या कामात चुकून खोडलेल्या शब्दाखाली ठिपके देतात. म्हणजे, खोडू नका, होतं तसं असू द्या. आठ तारखेच्या पानापासून जिथे जिथे शिट्टी आहे तिथे खाली ठिपके दिले. तिच्या खोकण्याखाली दिले. तिच्या हसण्याखाली.

पण ठिपके प्लेट जाण्याआधी चालतात. नंतर फोरमन मान वर न करताच नाही म्हणतो. बावीस वर्षांत एकदाही कुणी ऐकलेलं नाही —

डोळे मिटताहेत. डोक्यात काही नाही. ही शांतता मी मागितली होती — नको आहे. मला ती काळजी परत हवी. झोप नको, रात्री जागेन, सगळ्या — उशा उलटेन —

तुम्ही जे कुणी दुरुस्त्या घेता. तुम्ही अर्थ विचारत नाही, माहीत आहे. नाहीच म्हणाल. तरी विचारते. बाकी सगळं काढा, नळ, आवाज, मला — मला काढा हवं तर — फक्त ही एक ओळ, शिट्टीचा श्वास, एवढी राहू