निवेसला भरवलेले घास

३ सप्टेंबर
निघाले! पाठीवर अकरा किलो, त्यात निम्मं खाणंच — मक्याचं पीठ, चीज, तांदळाच्या चकत्या. इटलीतल्या तोल्मेझोहून आईच्या गावापर्यंत डोंगरातून पाच दिवस. मोटारीने तास लागला असता. पण आईला जे सांगायचंय, त्याला लागणारा धीर तासाभरात गोळा होत नाही.

४ सप्टेंबर
वरच्या मुक्कामाच्या घरात इल्दे म्हणून एक म्हातारी रांधते. गहू चालत नाही, कणभरही नाही, म्हटलं. "एवढा डोंगर चढून आलीस आणि पावाच्या तुकड्याला भितेस?" सगळे हसले. मग माझ्याकडे नीट पाहिलं तिने. वेगळं पातेलं घासून मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळला.

शेजारच्या टेबलावर एक आई लेकीला पाव भरवत होती. ताट तसंच टाकून बाहेर आले.

५ सप्टेंबर
दिवसभर मागे पावलं. लहान पावलं. मी थांबले की थांबतात.

६ सप्टेंबर
लिहूनच टाकते.

निवेस माझी धाकटी बहीण. पाच वर्षांची असताना गेली. पायांच्या काड्या, पोट फुगलेलं. आई दुधात पाव कुस्करून भरवायची — "अजून एक, माझ्या राणी, अंगात ताकद येईल." निवेस ओकायची. आई पुन्हा भरवायची. आई गोठ्यात गेली की ते काम माझं. मी आठ वर्षांची. नाक दाबलं की ती तोंड उघडायची.

गेल्या वर्षी माझं निदान झालं, अठ्ठावन्नाव्या वर्षी. सिलिअॅक. गहू पोटात गेला की आतडंच झडत जातं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?" मी चटकन म्हटलं, "नाही."

७ सप्टेंबर
उतार. खाली गाव दिसतंय. पावलं अगदी टाचांशी.

भावाला, रेमिजोला, फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई चौऱ्याऐंशीची आहे. तुझं मन हलकं करायला म्हातारीला मारणार आहेस?"

नाही सांगणार.

८ सप्टेंबर
आईने पोलेंटा आणि घेवडा केला होता. पाव घरात नव्हताच! मी काहीच विचारलं नाही. तीच माझा हात धरून म्हणाली, "तुझं दुखणं कळलं त्याच दिवशी निवेसचं कळलं मला. तुला कळू नये म्हणून गप्प होते, पोरी. तू लहान होतीस."