नावानिशी छापलेली बातमी

६ जानेवारी, सोमवार

पत्रकार दिन. शाल, श्रीफळ, आणि ज्यांच्याविरुद्ध लिहायचं त्यांच्याच हस्ते सत्कार! भाषणात एक जण म्हणाला, लोकशाहीचा चौथा खांब. मागून कुणीतरी म्हणालं, "खांबाला टेकून बसायला बरं असतं."

आटपाडीकडचा मिलिंद ऐवळे आला होता. दोन एसट्या बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून. जेवताना म्हणाला, "ताई, अकरा वर्सं झाली. आमचं नाव कवा छापणार?" आपल्या पेपरात नाव फक्त ऑफिसातल्यांचं. गावाकडून येणाऱ्या बातमीवर नुसतं 'वार्ताहर'. कोण मेला कोण जगला, वार्ताहर! "दुकानात झेरॉक्सला आल्यालं गिऱ्हाईक मानतच न्हाई, मीच लिवलंय म्हणून," म्हणाला. हसत म्हणाला, पण मला लागलं. बोलून गेले — चांगली बातमी आण, नावानिशी लावते.

९ जानेवारी, गुरुवार

आणली!

काल मंत्र्यांचा दौरा होता. काळे झेंडे दाखवतील म्हणून नऊ तरुणांना पहाटे उचललं आणि संध्याकाळपर्यंत एका मंगल कार्यालयात कोंडून ठेवलं. कुठे नोंद नाही, कागद नाही. मिलिंदने नऊच्या नऊ नावं दिलीत, कोण काय करत असताना उचलला तेही. एक तर डेअरीवर दुधाचे कॅन घेऊन रांगेत उभा होता. खिडकीतून काढलेला फोटो — पोरं गादीवर बसलीत आणि दारावर पाटी, 'वधूपक्ष'. हसावं की रडावं!

तिघांच्या घरी मी स्वतः फोन केले. शब्द न् शब्द खरा. संपादक आप्पासो पुण्याला लग्नाला गेलेत, म्हणजे जिल्हा पान माझ्याच हातात. लावली. वर नाव : मिलिंद ऐवळे.

१० जानेवारी, शुक्रवार

सकाळी सातला त्याचा फोन. "ताई, आईनं पेपर बाबासाहेबांच्या फोटूपाशी ठेवलाय. मला बी हात लावू देईना." दिवसभर बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी वाटलं की आपण ह्या धंद्यात उगाच नाही आलो.

११ जानेवारी, शनिवार

मिलिंदला अटक. दुकानातून नेलं. अफवा पसरवणे, शासकीय कामात अडथळा — फोटो काढला हा अडथळा!

त्याच्या बायकोचा, प्रियदर्शनीचा फोन आला. ती अंगणवाडी सेविका आहे, एरवी ठणठणीत बोलते. आज आवाज खाली. "पेपर हातात धरूनच आलं हुतं ते. ह्यो मिलिंद ऐवळे कोन, म्हनले."

'वार्ताहर' कोण, असं विचारत फिरावं लागलं असतं. निदान दोन दिवस मिळाले असते त्याला. नाव मी छापलं. हौसेने छापलं.

१३ जानेवारी, सोमवार

आप्पासो परतले, माझ्याकडे बघतही नाहीत. मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. शंभूराज कधी आवाज चढवत नाहीत, खुर्ची देतात, चहा मागवतात. म्हणाले, "मॅडम, आपण कुणाला घाबरत नाही. फक्त काळजी घेतो." पोलिसांचं पत्र आलंय : सदर इसम आपला प्रतिनिधी आहे काय?

नेमणुकीचं पत्र आपण कुणालाच देत नाही. ओळखपत्र दरवर्षी ३१ डिसेंबरला संपतं. नवीन कार्डं माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत, शिक्क्याविना. मिलिंदचंही. त्यात त्याचा तोच इस्त्रीच्या शर्टातला फोटो.

घरी मुकुलला सांगितलं. तो म्हणाला, "तू एकटीने जगाचा मक्ता घेतलायस का?" मग भाकरी खाली मान घालून खाल्ली. नवऱ्याचा राग येत नाही. तो घाबरला की असाच बोलतो.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ऑफिसात तिळगूळ वाटून झाला आणि शंभूराजांनी टाइप केलेला कागद पुढे ठेवला. 'सदर व्यक्ती आमची अधिकृत प्रतिनिधी नाही. बातमी नजरचुकीने प्रसिद्ध झाली.' खाली सहीसाठी जागा — जिल्हा पान प्रमुख. म्हणजे मी.

सही केली नाही. कागद दोनदा वाचला, परत त्यांच्यापुढे सरकवला आणि स्वच्छ सांगितलं, हे खोटं आहे, अकरा वर्षं तो आपल्यासाठी लिहितोय, मी सही करणार नाही. उठून जागेवर आले.

१५ जानेवारी, बुधवार

कुणी काही विचारलं नाही. पान वेळेत गेलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

कराडच्या वीजकपातीची बातमी आली. 'अधिकाऱ्यांची मनमानी' असं शीर्षक होतं. मी 'ग्राहकांची गैरसोय' केलं. मला कुणीही सांगितलं नव्हतं. बातमी वाचून झाल्यावर लक्षात आलं.

इस्लामपूरच्या बातमीदाराचा फोन : "ताई, आमचं नाव नगा हं टाकू. वार्ताहरच बरं हाय." आधी कधी कुणाचं टाकलं होतं रे? पण धसका सगळीकडे पोचला. एकाला धरलं की पुरतं. बाकीचे आपले आपण गप्प होतात, वर शहाणपण म्हणून सांगतात.

आणीबाणीतल्या गोष्टी बाबा सांगायचे. तेव्हा म्हणे अग्रलेखाची जागा कोरी सोडायचे. आता पान कोरं राहत नाही. गच्च भरलेलं असतं.

२० जानेवारी, सोमवार

प्रियदर्शनी आली. पहाटेची एसटी धरून थेट ऑफिसात. रिसेप्शनवरच्या सोफ्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला खालच्या चहाच्या टपरीवर नेलं. वर नको वाटलं.

"त्यो आपला न्हाईच, आसं पेपरनं लिहून दिलंय म्हनं," ती म्हणाली. "कुनी दिलं ओ ताई?"

मी म्हटलं, मालकांकडून गेलं असेल.

"तुमी द्यायच्या न्हाईत, ठावं हाय मला. ह्यांनी बी त्येच सांगितलंय. म्हनले, ताईंस्नी भेट. त्येंचा येक कागूद कोर्टात लागला तर मी सुटतोय. न्हाईतर त्ये कार्ड तरी द्या."

ड्रॉवरची किल्ली आप्पासोंकडे असते, असं सांगितलं. ड्रॉवरला कुलूपच नाही. तिने मान डोलावली. जाताना शेंगदाण्याच्या चटणीची पुडी हातात दिली. मला मेलीला घ्यायचीही लाज वाटली आणि नको म्हणायचीही. घेतली.

बुधवारी जामिनाची सुनावणी आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

दिवसभर एका कागदाचा मजकूर मनात जुळवला. 'मिलिंद ऐवळे हे आमचे अकरा वर्षांपासूनचे...' चार ओळींच्या पुढे जात नाही. बातमी असती तर पाच मिनिटांत लिहिली असती. प्रियदर्शनीचे तीन फोन. उचलले नाहीत.

२२ जानेवारी, बुधवार

जामीन फेटाळला. मिलिंदच्या वकिलांनी फोनवर सांगितलं. सरकारी पक्षाने पेपरचं पत्र वाचून दाखवलं म्हणे — हा पत्रकारच नाही, मग पत्रकार म्हणून फोटो कशाला काढत होता? पत्रकारितेच्या नावाखाली चिथावणी. आता वरच्या कोर्टात जावं लागेल. किती दिवस, त्यांनाही सांगता येत नाही.

वकील म्हणाले, "पत्रावरची सही प्रियदर्शनीबाईंनी मागून घेऊन बघितली. बराच वेळ बघत होत्या."

फोन वाजायचा थांबला आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांतीच्या दिवशी इथे लिहिलं ते खोटं आहे. सही मी केली. कागद एकदाच वाचला, तोही उभ्यानेच. हे खोटं आहे वगैरे काही म्हटलं नाही. "तारीख आजचीच घालू ना?" एवढं विचारलं.

पोलिसांच्या भीतीने इथे खोटं लिहिलं म्हणावं, तर त्यांना सहीच हवी होती. मालकांनाही. मुकुलला तर मी त्याच संध्याकाळी खरं सांगितलं होतं.

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही.