राखेची पाटी

सोलापूर, ४ जानेवारी १९३२
आलो बुवा एकदाचा! मठात स्वतंत्र खोली, खिडकीतून गिरणीची चिमणी दिसते, जेवायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. काम पोथ्या उतरून काढायचं. मंगळवेढ्याची शाळामास्तरकी सुटल्यापासून घरी बसून जीव आंबला होता. जम बसला की गोजाला आणेन. सहा वर्षांची माझी लेक सध्या तिच्या आत्याकडे, सोनाबाईकडे आहे. निघताना रडली नाही. पत्र मोठ्या अक्षरात लिवा, असं मलाच दटावलं. धूळपाटीवर मीच शिकवलंय तिला. आपलं नाव लिहायचं, मला दाखवायचं, पुसून पुन्हा चांगलं काढायचं. तिची आई हेमावती असती तर तिला कोण कौतुक वाटलं असतं! हेमावतीला जाऊन दोन वर्षं झाली.

७ जानेवारी
मठाचे अप्पा गोड बोलतात. जग म्हणे भास आहे, अंधारात दोरीला साप समजावं तसा. हे सांगताना वाटीभर तूप ओरपतात. ज्याला साप चावला त्याला विचारा म्हणावं! माझी बायको तापात तडफडली, तो काय भास होता?

११ जानेवारी
चंद्रव्वा नावाची विणकरीण आली. तिचा चार वर्षांचा धुळाप्पा महिन्यापूर्वी गेला. तेव्हापासून बाई नीट जेवलेली नाही. अप्पांनी लाकडी पाटीवर चाळलेली राख पसरली आणि मला मुलाचं नाव लिहायला सांगितलं. मग तिच्याकडून ते तळहातानं पुसून घेतलं. पुसताना तिनं एकदाच ‘माझ्या बाळा’ म्हटलं.

१३ जानेवारी
चंद्रव्वा हसत आली, मठाला गूळ घेऊन. मुलाची आठवण येते का, असं विचारलं तर म्हणाली, मला कुटलं पोर, मास्तर? मूलबाळ न्हाय की मला. शेजारीणही तेच म्हणाली. त्यांचं कशाला? ११ तारखेचं पान उघडं नसतं तर माझ्याही लक्षात धुळाप्पा राहिला नव्हता. पान पुन्हा पुन्हा वाचलं.

अप्पांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, जो नव्हताच तो मरेल कसा? मी विचारलं, मग तो चार वर्षं जगला त्याचं काय? त्यांनी विचारलं, कोण? ते नाटक करत नव्हते. त्यांनाही खरंच आठवत नव्हतं. आणि नाव लिहिणारा हात माझा!

१४ जानेवारी
भर दुपारी पाटीशी बसलो. दोन वर्षांचं हे दुखणं एका हातानं पुसलं जाईल. हेमावतीचा ‘हे’ काढायला बोट राखेत टेकवलंसुद्धा. मग सुचलं, हेमावती नव्हती तर गोजा कुणाची? थूत माझ्या जिनगानीवर! काय करायला बसलो होतो!

१६ जानेवारी
मठ सोडतोय. तसं सोनाबाईला कळवणार होतो, तोवर तिनंच गोजाला शेजारच्या बिरप्पासोबत सर्व्हिस मोटारीनं धाडलं. माझी पोर आली! येताच अण्णा, लई वाळलात, म्हणून मला रागावली. उद्या दोघं परत जाऊ. अप्पांनी पुन्हा कुणाला पाटीशी बसवू नये म्हणून ती राखेसकट माझ्या खाटेखाली लपवलीय.

१७ जानेवारी, सकाळ
मोटारीची वेळ विचारून आलो.

पाटी अंगणात आहे. कुणी बाहेर काढली? हाका मारल्या. कुणाला मारल्या?

राख पुसलेली. तळहाताचा ठसा उमटलाय. एवढासा. एवढा लहान हात मठात कुणाचा नाही—

थोडं नंतर
चंद्रव्वेला विचारलं, इथं मूल पाहिलंस? न्हाय की, म्हणाली. अप्पा म्हणाले, तुम्ही एकटेच आलात, एकटेच राहता. बरोबर आहे. मी एकटाच.

मग बोचक्यात हे चिमुकलं परकर-पोलकं कशाला?

मागची पानं वाचतोय. अक्षर माझंच आहे. मीच शिकवलं होतं— लिहायचं, दाखवायचं, पुसायचं— मीच—

रडू का येतंय ते कळत नाही. लवकर लिहून ठेवायला हवं. नाव इथं आहे, पहिल्याच पानावर. गोजा. गोजा म्हणजे माझी—