अण्णांना न दिलेले उत्तर

मी, शिवकांता कल्याणप्पा बिराजदार, वय सदुसष्ट, अविवाहित, मूळ गाव बेंबळी, हल्ली राहणार धाराशिव, केंद्र सरकारची निवृत्त अर्थतज्ज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या मनाने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी लिहायला लावलेले नाही. हृदय थकले आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. बेंबळीच्या जमिनीतील माझा हिस्सा माझे थोरले बंधू कै. शिवलिंगप्पा यांच्या पत्नी महानंदावहिनी यांना द्यावा. बंधूंना मी अण्णा म्हणत असे. वडील गेल्यावर त्यांनी ही जमीन एकट्याने कसली आणि मला पुण्याला शिकवले. पुढे कोणता माल परदेशातून येऊ द्यायचा, त्यावर किती शुल्क लावायचे, याचा अभ्यास हीच दिल्लीत माझी नोकरी झाली. मी वाटाघाटींसाठी परदेशी गेले की अण्णा ते बाजारभर सांगत.

एका वर्षी इकडे तूर भरघोस आलेली असताना बाहेरची तूर बिनशुल्क आणण्याचा निर्णय झाला. भाव कोसळला. गाव म्हणू लागले, हे तुमच्या बहिणीचेच काम. अण्णांनी फोन केला.

"कांता, तू तिथं असून काहीच बोलली न्हाईस का?"

मी बैठकीत विरोध केला होता, लेखी. पण बैठकीतले बाहेर सांगायचे नाही, हा नोकरीचा नियम.

"अण्णा, ते मला सांगता येत नाही."

त्यांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. त्यानंतर भाऊबीजेला ते कधी आले नाहीत. मी बेंबळीला गेले तर शेताकडे निघून जात.

निवृत्तीनंतर मी परतले तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. मी सगळे सांगितले. ते म्हणाले, "तवाच म्हणली असतीस, तर चार माणसांत मान वर करून बसलो असतो." थोड्याच दिवसांत ते गेले. नियम पाळल्याचा मला पश्चात्ताप नाही. त्याची झळ अण्णांनी सोसली, हे दुःख मात्र जात नाही.

२. धाराशिवचे घर व बँकेतील ठेवी अण्णांची नात हर्षाली हिला द्याव्यात. तिला अर्थशास्त्र शिकायचे आहे. माझ्याकडे बोट दाखवून कोणी तिला अडवू नये.

३. पुस्तके इथल्या कॉलेजला द्यावीत. जिनिव्हात घेतलेला लोकरी कोट घरकाम करणाऱ्या द्वारकाबाईंना द्यावा; भूमला लेकीकडे पहाटेच्या एसटीने जाताना त्या फार कुडकुडतात.

४. "बहिणीनं भाऊ विकला" असे अण्णांना भर बाजारात ऐकवणारे बिभीषण पवार यांनीच माझ्या निवृत्तीला "गावची शान" असा फलक लावला. शोकसभा झालीच, तर त्यांना बोलू देऊ नये.

५. आम्हा लिंगायतांत दफन करतात. बेंबळीच्या शेतात अण्णांच्या शेजारी जागा मिळावी, अशी इच्छा आहे. पण जमीन तेव्हा वहिनींची असेल, म्हणून आधी त्यांना विचारावे. अण्णा गेल्यापासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. त्या नको म्हणाल्या तर कोणी त्यांची समजूत घालत बसू नये. मला इथल्याच स्मशानभूमीत ठेवावे. त्या हो म्हणोत वा नको, जमीन त्यांचीच.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. काही खोडायचे नाही.

सही: शिवकांता कल्याणप्पा बिराजदार

आमच्यासमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही:
१. डॉ. श्रीनाथ देशमाने
२. वर्षाराणी राजशेखर कोरे, निवृत्त शिक्षिका

धाराशिव, ९ ऑगस्ट २०२४